विषम तारखेचं पाणी

किनमेन, ९ ऑक्टोबर २०१८

चि. कुओतुंग यास तुझ्या दाजीचे आशीर्वाद. आशीर्वाद कोरडे आहेत ते समजून घे, कारण आज नऊ तारीख आहे.

तक्रार गंभीर आहे आणि ती मी तुझ्याकडेच करणार. तुझ्या बीयुनताईकडे केली तर ती हसते, आणि आबांकडे केली तर ते ऐकू येत नाही असं दाखवतात. तर निवेदन असं की, तुझ्या बापाच्या घरात विषम तारखेला आंघोळ करता येत नाही. मी, विद्याधर, वय वर्षे सत्तावन्न, तैवानातल्या भिक्षुणींना बावीस वर्षं संस्कृत शिकवलेला, उभ्या जन्मात स्नानावाचून अन्नाला न शिवलेला माणूस, तुझ्या जन्मगावी, ह्या तैवानी बेटावर, अर्धा महिना पारोसा जेवतो. एकतीस दिवसांचा महिना असला की सोळा दिवस. शिवाय एकतीसनंतर लगेच एक येते, म्हणजे सलग दोन दिवस. ज्याने पंचांग सोडून हे कॅलेंडर काढलं त्याला मी कधीही क्षमा करणार नाही.

कारण तुला सांगायला नको. तू आठ वर्षांचा होईपर्यंत समोरच्या चिनी किनाऱ्यावरच्या तोफा विषम तारखेला चालायच्या आणि सम तारखेला सुट्टी घ्यायच्या. आबा तेव्हा गल्लीच्या रक्षकदलात, विहिरीवर पहाऱ्याला. पाणी काढायचं ते सम तारखेला. तोफा थांबून चाळीस वर्षं होत आली. आबांची बादली अजून तारीख बघते.

मी एकदा म्हटलं, ‘आबा, आता ते तोफगोळे नाही पाठवत. पर्यटक पाठवतात.’

‘तेही विषम तारखेलाच येतात. मोजून बघ.’

मी मोजले नाहीत. मोजले तर त्यांचंच खरं निघेल, अशी मला धास्ती आहे.

आता तू म्हणशील, घरात नळ आहे. आहे ना. पाच ऑगस्टपर्यंत तो वाहतही होता. त्या दिवशी समुद्राखालच्या नळातून तुमचं पाणी आमच्या तळ्यात आलं. टीव्हीवर तुमच्या काठचा समारंभ दाखवला. दुसऱ्या रांगेत, छातीला लाल फूल लावून, पंपगृहाचा अभियंता म्हणून टाळ्या कोण वाजवत होता ते मी सांगत नाही. आबांनी टीव्ही बंद केला नाही, फक्त आवाज बंद केला. मग उठून फाटकाजवळचा नळाचा मोठा कॉक फिरवला, त्याला साखळी गुंडाळली आणि वर कुलूप घातलं.

मी म्हटलं, ‘आबा, सगळंच काही पलीकडचं नाही. तळ्यात आपलंही पाणी आहे.’

‘कुठला थेंब कुठला ते सांग. आपले तेवढे वेगळे करून आण, पितो.’

संधी सोडवण्यात आयुष्य गेलं माझं, पण ही सोडवता आली नाही.

बाकी सगळं ठीक. विहिरीत सुभेदार मजेत आहे. अकरा वर्षांपूर्वी तू पलीकडे श्यामेनला जायच्या आदल्या दिवशी सोडलेलं ते बोटभर पिल्लू आता हातभर झालं आहे. तांबडा कार्प, एका डोळ्याने अधू. दर सम तारखेला सकाळी आबा विहिरीत वाकून विचारतात, ‘सुभेदार, सगळं ठीक?’ तो शेपटी हलवतो आणि मग चहाचं आधण चढतं. विष पडलं तर आधी मासा मरेल, माणसाला कळेल. साठ वर्षांत ह्या नियमात बदल नाही. फक्त सुभेदार बदलले, आणि हा तिसरा.

पत्र ल्यू मावशी बोटीने आणून देईल. ती जाताना ज्वारीची दारू नेते, येताना सुकी अळंबी आणते आणि मधे आमची पत्रं. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आबा शेजारी बसलेले असतात.

आबा ठीक आहेत. प्रश्न केवळ माझ्या आंघोळीचा आहे.

तुझा
दाजी


किनमेन, १८ ऑक्टोबर

चि. कुओतुंग,

‘आबा ठीक आहेत’ हे मागच्या पत्रातलं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं. तेवढंच.

काल वृद्धांचा सण. कुलदैवताच्या देवळात ज्येष्ठांना भेटी वाटत होते, लोकरी कानटोपी आणि शेंगदाण्याच्या वड्यांचा डबा. आबा रांगेत उभे होते. खुर्ची दिली तर म्हणाले, ‘म्हाताऱ्यांना द्या.’ आणि तिथेच खाली बसले. मग आडवे झाले. मी गेलो तेव्हा डबा पोटाशी धरून होते.

दवाखान्यात तैवानहून बदलून आलेली एक डॉक्टर पोरगी आहे.

‘आजोबा, दिवसाला पाणी किती पिता?’

‘पुरेसं.’

‘म्हणजे किती?’

‘पहाऱ्यावर असताना एक फ्लास्क.’

‘आता कुठे पहाऱ्यावर आहात तुम्ही?’

आबांनी तिच्याकडे फार दयेने पाहिलं. ‘तू नाहीस होय?’

तिने मला बाहेर नेऊन सांगितलं ते असं. रक्तात मीठ चढलं आहे, मूत्रपिंडं थकली आहेत, दिवसाला दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. नाही गेलं तर पुढच्या वेळी ते देवळात पडणार नाहीत, झोपेत पडतील.

दीड लिटर! कुओतुंग, ते तीन वाट्या पितात, कारण त्याहून जास्त पिववत नाही. विहीर खारट झाली आहे. श्रावणानंतर पाऊस नाही, आजूबाजूच्या घरांनी पंप बसवलेत आणि समुद्र खालून आत येतो आहे. आबांचा चहा मी परवा चाखला. आमटीत घालायचं मीठ कुणी चुकून चहात टाकलं असावं असं वाटलं.

बीयुनने बाटलीबंद पाणी आणलं. आबांनी भिंग मागवून लेबल वाचलं. तैवानच्या डोंगरातलं होतं. ‘बोटीवर किती दिवस होतं? पहारा कोणाचा होता?’ तुझ्या ताईने बाटली टेबलावर आपटली नाही, पण अशी ठेवली की त्यापेक्षा आपटलेली बरी.

‘आबा, तुम्ही पाण्यावर रागावलात की कुओतुंगवर?’

आबा वड्यांच्या डब्याचं झाकण लावत होते. म्हणाले, ‘पाण्यावर कोण रागावतं?’

 रात्रीची पेज तिघांनी तीन खोल्यांत घेतली.

मी एक उपाय केला आहे. तो तुला सांगण्यासारखा नाही. तुझ्या ताईलाही सांगितलेला नाही.

दाजी


किनमेन, २९ ऑक्टोबर

चि. कुओतुंग,

आज विषम तारीख आहे आणि मी आंघोळ केली आहे. तू इंजिनिअर माणूस, एवढ्यावरून उपाय ओळखला असशील. नसशील तर सांगतो, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही.

विषम तारखेला पाणी काढायचं नाही, म्हणून आबा सकाळी सात ते दहा बागेत जुन्या सोबत्यांशी बुद्धिबळ खेळतात. तेवढ्या वेळात मी फाटकाच्या कॉकचं कुलूप काढतो, अंगणातल्या नळाला रबरी नळी जोडतो आणि तिचं दुसरं टोक विहिरीत सोडतो. वीसेक मिनिटं. मग नळी गुंडाळून कोंबड्यांच्या खुराड्यामागे. किल्ली शोधावी लागली नाही. विहिरीच्या खांबाला खिळा आहे, त्यावरच अडकवलेली होती.

सुरुवात सतरा तारखेला केली, आबा दवाखान्यात सलाइनवर असताना. त्यानंतर एकही विषम तारीख चुकवलेली नाही. मला वाटतं, धर्मकृत्यात मी इतका नियमित कधी नव्हतो.

वीस तारखेला आबांनी पहिली बादली काढली. वाटी भरली. एक घोट तोंडात धरून ठेवला, पहारेकरी धरतात तसा. मी कोंबड्यांना दाणे टाकत होतो, म्हणजे एकाच कोंबडीला सगळे दाणे टाकत होतो.

‘गोडी आली विहिरीला,’ आबा म्हणाले.

‘हो का?’

त्यांनी उरलेली वाटी संपवली, मग दुसरी भरली. ‘पलीकडे पाऊस झाला असावा.’

मी म्हटलं, असेल. तुमच्याकडे पाऊस झाला होता का रे?

आता ते पाच-सहा वाट्या पितात, वर दोनदा चहा. काल डॉक्टर पोरीने रक्त तपासलं. आकडे उतरले आहेत. ती खूश, बीयुन खूश. तिला वाटतं बापाने तिचं ऐकलं. आबा दुपारी तिच्याशी भांडले, कालवणात आलं कमी म्हणून. भांडायला अंगात पाणी लागतं, ते आलं आहे.

माझं मात्र काही कळेनासं झालं आहे. एखाद्याला न सांगता पाणी पाजणं हे पुण्य की चोरी? ज्या पाण्यासाठी त्यांनी साखळी घातली तेच मी त्यांच्या विहिरीत सोडतो आहे, म्हणजे मी कोणाच्या बाजूचा? शत्रूचं पाणी आहे म्हणावं तर ते तू पंपातून पाठवलेलं आहे. तुझं आहे म्हणावं तर अर्धं आमच्याच तळ्यातलं आहे. कुठला थेंब कुठला, हा आबांचा प्रश्न मला चेष्टेचा वाटला होता. आता मी नळी हातात धरून तोच विचारत असतो.

असो. आता एक आनंदाची गोष्ट. परवा एकतीस, आणि तेरवा एक. सलग दोन दिवस आबा विहिरीकडे फिरकणार नाहीत. पाणी इतकं खाली गेलं आहे की मधे मधे तळाचे दगड दिसतात आणि सुभेदार डबक्यात फिरतो. तेव्हा दोन्ही दिवस नळी तीन-तीन तास सोडून ठेवणार आहे. पाणी पार वरच्या कड्याला लागेल.

कॅलेंडर काढणाऱ्याला माफ केलं.

दाजी


किनमेन, ४ नोव्हेंबर

कुओतुंग,

सुभेदार गेला.

दोन तारखेला सकाळी आबा विहिरीवर गेले. पाणी वर आलेलं पाहून त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते मी पाहिलं नाही, मी आत दाढी करत होतो. फक्त ऐकलं. ‘सुभेदार, सगळं ठीक?’ आणि मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी तसाच फेस लावलेला बाहेर आलो.

तो वर तरंगत होता. अधू डोळा वरच्या बाजूला.

आबांनी जाळीने त्याला काढलं, दगडावर ठेवलं, खांद्यावरचा पंचा त्याच्यावर घातला. मग आत जाऊन पितळी परात आणि लाटणं घेऊन ते गल्लीत आले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, पण आवाज तोच असणार, रक्षकदलातला. ‘विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका! विष आहे! मुलांना आत घ्या!’ शेजारच्या छन काकूंनी खरंच नातवाला आत घेतलं. कोपऱ्यावरच्या पेजवाल्याने शिजत असलेलं पातेलं गटारात ओतलं, त्याच्या पाण्याचा आमच्या विहिरीशी काही संबंध नसताना.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. परात वाजत होती, म्हणून थांबलो, असं मी स्वतःला सांगितलं. मग परात थांबली.

काल तुझी चिठ्ठी आली. तीस तारखेपासून वाऱ्याने बोट बंद होती, ल्यू मावशी तिकडेच अडकली होती. चिठ्ठी तिच्या पर्समध्ये तीन दिवस अळंब्यांच्या वासात पडून होती. तुझी वाक्यं मला पाठ झाली आहेत.

‘दाजी, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. थोडं ओतलं तर चालतं, खूप ओतलं तर मासा मरेल. आधी एक दिवस उघड्या पिंपात ठेवा, मग ओता. एकतीस तारखेला नळी सोडू नका. आबा दिवसाला किती वाट्या पितात ते कळवा.’

अकरा वर्षांत ह्या घरात आलेला तुझ्या हातचा पहिला कागद, आणि तो तीन दिवस उशिरा पोचला.

मला माहीत नव्हतं रे. पाण्याला संस्कृतात वीस-पंचवीस नावं आहेत, सगळी मुखोद्गत आहेत. पाण्यात काय असतं हे त्यातल्या एकानेही कधी सांगितलं नाही.

तुझा मासा तुझ्याच पाण्याने मेला आणि ओतणारा मी. हे कोणाला सांगायचं? आबांना सांगावं, तर दोन आठवडे ते काय प्याले हेही सांगावं लागेल. न सांगावं, तर ते आता विहिरीचंही पीत नाहीत.

दोन तारखेपासून त्यांनी तीन दिवसांत बाटलीतलं अर्धा लिटर घेतलं आहे. तेही बीयुन रडली म्हणून.

दाजी


किनमेन, १५ नोव्हेंबर

कुओतुंग,

तुला बातम्यांत दिसलं असेलच. आपली विहीर आता राष्ट्रीय झाली आहे.

चोवीसला मतदान. परिषदेच्या उमेदवार शू बाई कॅमेरे घेऊन अंगणात आल्या. मास्क, हातमोजे, मागे दोन कार्यकर्ते. पंचा उचलून त्यांनी सुभेदाराकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘आजोबा, हा मासा हुतात्मा आहे.’

आबा म्हणाले, ‘तो सुभेदार आहे.’

‘तेच म्हणते मी. समुद्रापलीकडून नळ टाकून कोण आपल्या घशात हात घालतंय, हे ह्या मुक्या जीवाने दाखवून दिलं.’

‘नळाचा काय संबंध? नळाला मी कुलूप घातलंय.’

बाईंनी कॅमेऱ्याला थांबायची खूण केली. पुन्हा चित्रीकरण झालं, ह्या वेळी आबांना न बोलता नुसतं उभं राहायला सांगून. सुभेदार सध्या बाईंच्या प्रचार कार्यालयातल्या बर्फाच्या पेटीत आहे, पुरावा म्हणून. तिथे कार्यकर्त्यांची सरबतंही असतात.

दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी उमेदवाराचे लोक आले. त्यांचं म्हणणं, नळाची बदनामी व्हावी म्हणून कोणीतरी मुद्दाम विष टाकलं. हे लोक रिकाम्या हाताने आले नाहीत, पाण्याची खोकी आणली. आबांनी ती फाटकाबाहेर ठेवायला लावली. गल्लीतल्या लोकांनी नेली. एका मेलेल्या माशाने दोन्ही पक्षांना इतकं काम दिलं आहे की मी खरं सांगितलं, तर दोघेही मला विहिरीत ढकलतील.

पोलीसही येऊन गेले. पाण्याचा नमुना घेतला. मला विचारलं, ‘विहिरीजवळ अनोळखी माणूस पाहिलात?’

‘नाही,’ मी म्हटलं. हे खरं होतं. अनोळखी कोणी नव्हतं.

‘मग पाणी एवढं वर कसं आलं?’

‘आलं असावं,’ मी म्हटलं. कर्ता गाळून बोलायची सवय इतकी वर्षं शिकवली, ती त्या दिवशी उपयोगी पडली आणि मला माझीच शिसारी आली. निवासाचा परवाना खिशात होता, त्यावर माझा फोटो आहे. परदेशी माणूस, सीमेवरचं बेट, रक्षकदलाची जुनी विहीर, खुराड्यामागे नळी. पोलिसांच्या जागी मी असतो तर मला पकडलं असतं.

आज सकाळी आबांना चाकाच्या खुर्चीतून फिरवलं. रस्ताभर ज्वारी पसरली आहे, गाड्यांच्या चाकांनी मळणी चालली आहे. मी म्हटलं, ‘आमच्याकडे ह्याच्या भाकरी करतात.’

‘बुद्धाच्या देशातले लोक,’ आबा म्हणाले, ‘खायचं ते खातात, प्यायचं ते कळत नाही.’

त्यांना हसायचं होतं. ओठ चिकटले होते, नीट हसता आलं नाही.

शहरातले लोक खुर्ची थांबवून त्यांना नमस्कार करतात. ‘काका, तुमच्यामुळे आम्ही वाचलो.’ आबा मान डोलावतात. डॉक्टर पोरगी रोज घरी येते, सलाइन लावू का विचारते. ते नाही म्हणतात. आणि कुओतुंग, ते मला विचारतात, रोज विचारतात, ‘गल्लीत कोणी प्यालं नाही ना?’ मी सांगतो, नाही. ‘चांगलं झालं,’ म्हणतात, आणि डोळे मिटतात.

दाजी


किनमेन, २२ नोव्हेंबर

प्रिय कुओतुंग,

पाण्याचा अहवाल परवा आला. विष नाही. नळाचं साधं पाणी, क्लोरीन माशाला सोसेल त्याहून जास्त, माणसाला पिण्यास योग्य. शू बाईंनी तो वाचून घडी केली, दुसऱ्या पक्षानेही केली. विष निघतं तर एकाच्या कामाचं, कट निघता तर दुसऱ्याच्या. नुसतं पाणी कोणाच्याच कामाचं नव्हतं.

मी पोलीस चौकीवर गेलो आणि सांगितलं, ओतणारा मी. अधिकाऱ्याने पेन उचललं, मग खाली ठेवलं. ‘काका, शनिवारी मतदान आहे,’ तो म्हणाला. ‘रविवारी येऊन सांगाल का?’ गुन्हा कबूल करायलाही इथे तारीख बघावी लागते.

मग घरी आलो आणि आबांना सांगितलं. खाटेजवळ बसून, सगळं. नळी, कोंबड्यांचं खुराडं, सतरा तारीख, एकतीस आणि एक. बीयुन दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला नंतर जे सुनावलं ते मी लिहीत नाही, ते खरं आहे.

 मी तुझी चिठ्ठी काढून आबांना दिली. त्यांनी भिंग मागितलं. चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला.

‘अक्षर तसंच आहे,’ ते म्हणाले. ‘ओळ वर चढते. शाळेत असताना मारायचो मी ह्याला त्यासाठी.’

मग चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती त्या नव्या कानटोपीत ठेवली आणि टोपी उशीखाली.

मी म्हटलं, ‘आबा, तुम्हाला ठाऊक होतं का? ते पाणी कुठलं होतं ते?’

‘परवलीचा शब्द?’

‘मला माहीत नाही, आबा.’

‘मग पहारेकऱ्याला प्रश्न विचारू नये.’

दोन दिवस मी ह्यावर विचार करतो आहे आणि मला काहीही कळलेलं नाही. ज्याने आयुष्यभर कुलपं घातली, तो माणूस किल्ली कुलपापासून दहा पावलांवर उघड्या खिळ्याला अडकवतो? कोरड्या ऋतूत विहीर गोड झाली तर ‘पलीकडे पाऊस झाला असावा’ एवढंच म्हणून दुसरी वाटी भरतो? त्यांना ठाऊक होतं असं मानलं, तर मग त्या सकाळी परात वाजवताना त्यांना काय वाटलं असेल, ते मला सोसत नाही. ठाऊक नव्हतं असं मानलं, तर मी त्यांना फसवलं, तेही सोसत नाही.

मी वाटी भरून पुढे केली. ‘अहवाल आला आहे, आबा. विष नाही. आता तरी घ्या.’

‘मी सगळ्या गल्लीला सांगितलंय पिऊ नका म्हणून. मीच कसा पिऊ?’

‘गल्लीत सगळे नळाचं पितात, आबा. आधीपासून पितात.’

‘ते त्यांचं. हुकूम माझा होता.’ मग वाटी बाजूला सारून, ‘हुकूम उठवायचा तर पहारा बदलावा लागतो. दुसरा माणूस येतो, शब्द सांगतो, मग पहिला माणूस पाणी पितो. उभ्याने नाही, बसून. असं आहे ते.’

‘मी उभा राहतो ना तुमच्या जागी.’

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात कागदासारखा झाला आहे. ‘तू जावई. पाहुण्याला पहाऱ्यावर नाही ठेवत.’

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. तुझं नाव राष्ट्राचा खांब असं ठेवणारे तेच, आणि खांब समुद्र ओलांडून गेल्यावर घर तसंच उभं आहे असं दाखवणारेही तेच. पण चिठ्ठी उशीखाली आहे. काल दुपारी झोपेत त्यांचा हात तिथे होता.

म्हणून लिहितो. शनिवारी चोवीस तारीख आहे, सम आहे. पहिली बोट साडेआठची, अर्धा तास लागतो, तुला माहीत आहे. लोक मतदानाला गेलेले असतील, गल्ली रिकामी असेल. येताना एक मासा आण, पिशवीत पाणी घालून, बोटभराचा चालेल. काय बोलायचं याची तयारी करू नकोस. विहिरीवर उभा राहा. ते शब्द विचारतील. तो मला कधी कळला नाही, पण तुला लहानपणी शिकवला असेल. नसेल आठवत तर काहीही सांग. मला वाटतं ते चालवून घेतील. मला वाटतं, पण मला ह्या घरातलं काही नीट कळतं असं मी आता म्हणणार नाही.

पोलिसांची मला भीती नाही. परवाना गेला तर जाईल, आणि आंघोळीचंही मी पुन्हा कधी बोलणार नाही.

काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंत आबा तीन घोट पाणी प्याले. मी मोजले. डॉक्टर पोरीने आज सलाइनचं विचारलंही नाही, नुसती नाडी धरून बसली. शनिवार अजून दोन दिवस लांब आहे. तोवर ते राहतील का, मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटते.

विद्याधर